घटसर्पाचे प्रतिविष सीमाभागात हाताशी हवे

मा. आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूर



हिवाळी अधिवेशनासाठी सरकार बेळगावात येते. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधापासून टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान फार लांब नाही. पुढच्या खेपेला आपण तिथे एक फेरी मारावी, अशी विनंती आहे. शहापूर, टिळकवाडी, अनगोळची माणसे या झाडीत पहाटे फिरायला येतात, पोरे क्रिकेट खेळतात. इथे एके काळी देवीची लस तयार होत असे. वासराच्या कुशीवरचे केस भादरायचे, कातडी धुऊन तिच्यावर बारीक ओरखडे काढायचे, त्यांत लशीचा विषाणू चोळायचा आणि काही दिवसांनी तिथे आलेल्या फोडांचा लगदा खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायचा, असे ते काम. पुढे लस गोठवून सुकवण्याचे तंत्र आले. उन्हाळ्यातही टिकणारी ही लस देशात चारच ठिकाणी बनत असे : पटवाडांगर, हैदराबाद, मद्रासजवळचे गिंडी आणि बेळगाव. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला. या यशात बेळगावच्या वासरांचा आणि ती सांभाळणाऱ्या, आता नावेही विसरली गेलेल्या कामगारांचा वाटा आहे.

ज्या गावाने देशाला लस पुरवली, त्या गावाच्या वतीने आज एक मागणी मांडायची आहे. ती घटसर्पाविषयी आहे, आणि त्याच्या जोडीने धनुर्वाताविषयी. या दोन्ही रोगांत जीव घेते ते जंतूने सोडलेले विष.

घटसर्प झालेल्या मुलाला ताप बहुधा फार नसतो. घसा दुखतो, गिळताना त्रास होतो, आवाज बसतो. घरचे लोक हळद-दूध देतात, मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावतात. डॉक्टरने जीभ दाबून टॉर्च मारला की टॉन्सिलवर राखाडी, चिवट पापुद्रा दिसतो. तो खरवडायला जावे तर निघत नाही आणि खालून रक्त येते. मानेच्या गाठी इतक्या सुजतात की मान आणि जबडा एकच दिसू लागतात. जंतू मात्र घशातच असतो. तिथे बसून तो जे विष तयार करतो, ते रक्तातून सर्व अंगभर जाते. पेशीत शिरून हे विष तिचे प्रथिने बनवण्याचे कामच बंद पाडते. त्याच्या कार्यक्षम भागाचा एकच रेणू एका पेशीला मारायला पुरतो, हे जपानी संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवले. पापुद्रा गेला, मूल खायला-खेळायला लागले, असे वाटत असतानाच दुसऱ्या आठवड्यात हृदयाचे ठोके चुकू लागतात. नंतर टाळू लुळी पडते, प्यायलेले पाणी नाकातून येते. पेनिसिलिनने जंतू मरतो. सुटलेल्या विषावर पेनिसिलिनचा काहीही परिणाम होत नाही.

त्या विषावर उपाय एकच : प्रतिविष. आणि त्यालाही वेळेचे बंधन आहे. रक्तात फिरणाऱ्या विषाला ते पकडते, निष्प्रभ करते. पेशीत शिरलेल्या विषापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबू नये, नुसत्या संशयावरही प्रतिविष द्यावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. रोग ताजा आणि घशापुरता असेल तर वीस ते चाळीस हजार युनिट पुरतात. तीन दिवस उलटून मान सुजली असेल तर ऐंशी हजार ते एक लाख लागतात. म्हणजे उशीर झाला की औषध जास्त लागते आणि उपयोग कमी होतो. इथे तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागेपर्यंत रुग्ण उरत नाही.

हे औषध येते कुठून, हे आपल्याला ठाऊक असेलच, तरीही वाचकांसाठी सांगायला हवे. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांडर येरसँ यांनी घटसर्पाचे जंतू वाढवलेला रस्सा गाळून घेतला. एकही जंतू नसलेल्या त्या गाळलेल्या रश्शाने प्राणी मेले. विष जंतूपासून वेगळे काढता येते, हे त्यातून सिद्ध झाले. दोनच वर्षांनी बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी पुढची पायरी गाठली. विषाची सवय करवलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला, तर तोही वाचतो. १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेहरिंगला याच कामासाठी मिळाले. कितासातोला त्यात वाटा मिळाला नाही, ही त्या पारितोषिकाच्या इतिहासातली पहिलीच उणीव म्हणावी लागेल.

तेव्हापासून आजपर्यंत या औषधाचा कारखाना म्हणजे घोडा. निरोगी घोड्याला आधी निर्विष केलेले, मग वाढत्या मात्रेत तीव्र होत जाणारे द्रव्य काही महिने टोचत राहतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर झाली, की मानेच्या शिरेतून रक्त घेतात, तांबड्या पेशी त्याला परत देतात आणि पिवळा रक्तद्रव तेवढा ठेवतात. त्यावर पेप्सिनची प्रक्रिया करून प्रतिपिंडांचा जास्त रिअ‍ॅक्शन आणणारा भाग तोडून टाकतात, उरलेले गाळून कुप्यांत भरतात. मुंबईच्या परळमधल्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतले हे काम पुण्याजवळच्या पिंपरीत चालत आले. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वशाळेतले निवृत्त घोडे रक्तद्रवासाठी याच हाफकिनला जात असत. ते घोडे दुसऱ्याला देण्यापेक्षा आपणच औषध बनवावे, या विचारातून १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली, आणि तिच्या पहिल्या उत्पादनांत धनुर्वाताचे प्रतिविष होते. आज जगातली सर्वांत मोठी लसउत्पादक म्हणवणाऱ्या कंपनीची सुरुवात अशी जिवाणूच्या विषापासून झाली आहे.

या कामात हलगर्जी चालत नाही, याचेही धडे आहेत. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला होता. त्याच्या रक्तद्रवाचे घटसर्पाचे औषध टोचलेली तेरा मुले धनुर्वाताने दगावली. पुढच्याच वर्षी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिनची प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सर्व मृतांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. ठपका ही लस बनवणाऱ्या व्लादिमीर हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुढे उघड झाले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. जमिनीवर पडलेल्या एका चिमट्याने एकोणीस माणसे मरतात, कारण धनुर्वाताचे बीज मातीतच असते.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. शेणखताच्या जमिनीत अनवाणी चालणारा माणूस, उसाच्या फडात पायाला बसलेला कोयत्याचा घाव, शहापूर-वडगाव-खासबागच्या मागावर बोटात घुसलेली तार, या सगळ्या वाटांनी धनुर्वात येऊ शकतो. त्याचे विष इतके जहाल, की जीव घेणारी मात्रा शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवण्याइतकीही नसते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावी लागते. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असे या रोगात नाही.

लस मात्र विषावरच बेतलेली आहे. १९२३ च्या सुमारास गास्ताँ रामों या फ्रेंच शास्त्रज्ञाने घटसर्पाच्या विषात थोडे फॉर्मालिन घालून ते काही आठवडे शरीराच्या तापमानाला ठेवले. विषाची धार गेली, रूप मात्र राहिले. शरीर त्या रूपाला ओळखायला शिकते आणि खरे विष आले की तयार असते. पुढे त्यात तुरटीच्या जातीचा क्षार मिसळला गेला, म्हणजे ते हळूहळू सुटते आणि शरीर जास्त जोमाने प्रतिसाद देते. तिहेरी लस, आजची पेंटाव्हॅलंट, गरोदर बाईला दिली जाणारी लस, या सगळ्यांच्या पोटात रामोंची ही कल्पना आहे. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले, ते याच लशीमुळे, आणि ती गल्लोगल्ली पोहोचवणाऱ्या नर्सबाई, अंगणवाडीताई आणि आशाताईंमुळे.

मग घटसर्प अजून का आहे?

जागतिक आरोग्य संघटनेकडे २०१८ मध्ये जगभरातून घटसर्पाचे सोळा हजारांवर रुग्ण नोंदले गेले. त्यांतले ८,७८८ भारतातले. म्हणजे निम्म्याहून अधिक. बेळगावच्या नेहरूनगरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र आहे, आता त्याचे नाव राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था असे आहे. तिथल्या संशोधकांनी २०१४ मध्येच ग्रामीण उत्तर कर्नाटकातील घटसर्पाच्या साथीचा अहवाल प्रसिद्ध केला होता. इशारा आपल्याच गावातून, आपल्याच सरकारी प्रयोगशाळेतून आलेला आहे. तो दहा वर्षांहून जुना आहे.

यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली सर्वांना कळते : काही मुलांच्या लशी राहून जातात. दुसरीकडे लक्ष कमी जाते : ही लस जन्मभर पुरत नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तीन डोस, दीड-दोन वर्षांनी बूस्टर, पाच-सहा वर्षांनी दुसरे बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची जोडलस, असे राष्ट्रीय वेळापत्रक आहे. बाळ सव्वा वर्षाचे होईपर्यंत आई लशींच्या नोंदीचे तायी कार्ड जिवापाड जपते. पाचव्या वर्षीच्या डोसापर्यंत ते कार्ड कपाटात तळाला गेलेले असते. दहा आणि सोळा वर्षांचे डोस शाळेत मिळतात. जो शाळेतच नाही, त्याचे कोण बघते? म्हणूनच घटसर्प आता पूर्वीसारखा केवळ तान्ह्या मुलांचा रोग राहिलेला नाही, शाळकरी मुले आणि तरुणही त्यात सापडतात.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून, विजापूरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. निपाणी, चिकोडी, अथणीच्या परिसरात आणि पलीकडे कागल, शिरोळच्या कारखान्यांवर त्यांच्या खोपी पडतात. खोपीतल्या मुलाचा एक डोस एका राज्यात, दुसरा दुसऱ्या राज्यात आणि तिसरा कुठेच नाही, असे सहज होते. कार्ड महाराष्ट्राचे असले म्हणून इकडच्या उपकेंद्रात लस नाकारली जाऊ नये, आणि तिची नोंद लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर दोन्हीकडे दिसावी. हंगाम सुरू होताच प्रत्येक कारखान्याच्या आवारात पहिल्या पंधरवड्यात लसीकरणाचा कॅम्प लावणे आपल्या खात्याला अवघड नाही. मुकादमांच्या याद्या कारखान्याकडे असतात.

धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दलही एक साधी सुधारणा आहे. २०१९ पासून केंद्राने नुसत्या टीटीऐवजी टीडी स्वीकारली. म्हणजे धनुर्वाताच्या लशीत घटसर्पाचाही थोडा अंश आला. सरकारी दवाखान्यांत ती मिळते. पण यंत्रमागावर जखमी झालेला माणूस बहुतेकदा कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्यात जातो, आणि तिथे अजूनही पुष्कळ ठिकाणी टीटीच टोचली जाते. खंजर गल्लीपासून खासबागपर्यंत कुणाचेही बोट कापले तरी त्याला टीडी मिळेल, एवढे झाले, तर प्रत्येक लहानसहान जखमेबरोबर एका प्रौढ माणसाची घटसर्पाविरुद्धची ताकद आपोआप वाढेल. यासाठी नवा कार्यक्रम लागत नाही, नवे बजेट लागत नाही. औषधविक्रेत्यांच्या आणि डॉक्टरांच्या संघटनांना बोलावून एक बैठक घेतली, तरी अर्धे काम होईल.

आता मूळ मागणी. सगळे नीट करूनही काही रुग्ण निसटतील, आणि त्यांच्यासाठी प्रतिविष तासाभरात मिळायला हवे. २०१८ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या महर्षी वाल्मिकी संसर्गजन्य रोग रुग्णालयात दोन डझनांच्या आसपास मुले घटसर्पाने दगावली. देशाच्या राजधानीतले, याच रोगांसाठी असलेले रुग्णालय, आणि तिथे प्रतिविषाचा पुरवठा खंडित झालेला होता. श्रीमंत देशांचीही यातून सुटका नाही. २०१५ मध्ये स्पेनच्या ओलोत गावात सहा वर्षांच्या, लस न दिलेल्या मुलाला घटसर्प झाला, तेव्हा प्रतिविष रशियाहून आणावे लागले. ते मूल वाचले नाही. हे औषध बनवणारे जगात मोजकेच उरले आहेत, कारण रुग्ण कमी, घोडे पोसण्याचा खर्च मोठा आणि कुप्या मुदत संपून फेकाव्या लागण्याची धास्ती. बाजारावर सोडले, तर बाजार हे औषध बनवणार नाही. २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडीच्या सरकारी लससंस्थांचे परवाने निलंबित झाले, तेव्हा सरकारी उत्पादन बंद पडले की काय होते ते देशाने पाहिले. परवाने २०१० मध्ये परत मिळाले, पण मधली वर्षे गेली.

म्हणून कर्नाटकाने प्रतिविषाची मागणी दरवर्षी आगाऊ नोंदवावी, रुग्ण येवो न येवो, ठरलेला साठा विकत घ्यावा. मुदत संपून काही कुप्या वाया गेल्या तर ती उधळपट्टी मानू नये. अग्निशमन दलाचा बंब वर्षभर उभा राहिला म्हणून कुणी त्याचा हिशेब मागत नाही. महाराष्ट्रात आणि तेलंगणात घोड्यांच्या रक्तद्रवाची औषधे बनवणाऱ्या संस्था आहेत. दोन शेजारी राज्यांनी मिळून खात्रीची मागणी दिली, तर त्यांनाही उत्पादन चालू ठेवता येईल. पाण्यावरून आणि सीमेवरून दोन्ही सरकारांत वाद आहेत, ते कोर्टात चालू राहोत. निपाणीच्या पेशंटला बेळगावपेक्षा कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय जवळ पडते आणि चंदगडच्या पेशंटला बेळगाव, हे दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांना पाठ आहे. एका बाजूचा साठा दुसऱ्या बाजूला फोनवर मिळेल, असा लेखी करार आपण महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांशी करावा.

घोड्यावरचे हे अवलंबन कायमचे राहील असेही नाही. माणसाच्या प्रतिपिंडाची हुबेहूब प्रत पेशींच्या टाकीत वाढवता येते. अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्स या संस्थेने घटसर्पाच्या विषावर असे मानवी प्रतिपिंड शोधले आणि त्याने गिनिपिग वाचवून दाखवले, ते २०१३ मध्ये. याच संस्थेबरोबर पुण्याच्या सीरमने रेबीजवरचे असे प्रतिपिंड बाजारात आणून दाखवले आहे. कुत्रा चावलेल्या माणसाला घोड्याच्या रक्तद्रवाऐवजी ते देता येते. चीनने २०२५ मध्ये धनुर्वाताच्या विषावरच्या अशाच प्रतिपिंडाला मान्यता दिली. उलट बाजूही आहे : क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्याच्या जंतूच्या विषावरचे बेझलोटोक्सुमॅब २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला कंपनीने ते बनवणे थांबवले. विज्ञान पुढे गेले तरी घेणारा नसेल तर औषध टिकत नाही. पुण्यात हे काम करण्याची कुवत आहे, नेहरूनगरात प्रयोगशाळा आहे, घटसर्पाचे रुग्ण दुर्दैवाने उत्तर कर्नाटकात आहेत. या तिघांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आपल्या खात्याकडे आहे. संशयित रुग्णाच्या घशाचा नमुना घेऊन जंतू विषारी आहे का, हे ठरवणारी तपासणी बेळगावातच होऊ लागली, तरी पहिले पाऊल पडेल. सगळेच घटसर्पाचे जंतू विष बनवत नाहीत. ज्यांच्यात एका विशिष्ट विषाणूने विषाचा जनुक आणून ठेवला आहे, तेवढेच बनवतात. साथ कुठे पेटू शकते ते या तपासणीतून आधी कळते.

पुढच्या अधिवेशनापूर्वी एवढे व्हावे : बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत आणि त्यांची मुदत केव्हा संपते, हे फलकावर लिहिलेले असावे. चोवीस तास उचलला जाईल असा एक फोन नंबर खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, खासगी दवाखान्यांत आणि कारखान्यांच्या टाइम ऑफिसात कन्नड व मराठी दोन्ही भाषांत लावलेला असावा. आणि यंदाचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी त्या नंबरवर आपल्या कार्यालयातून एकदा फोन करून पाहावा.

आपला नम्र,
शहापूर, बेळगाव येथील एक रहिवासी